शेतात प्लॉट पडले, आता येळवस कुठं करायची?

कोपीतला दिवा
२१ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी उदगीरची. तहसील कचेरीजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. १६ वर्षं झाली, नवरा आणि मी दोघं मिळून चालवतो. बाकीच्यांना गाव वाढल्याचं नव्या हॉटेलांवरून, गाड्यांच्या शोरूमवरून कळतं. मला ते कागदांवरून कळलं.

दुकान टाकलं तेव्हा दिवसभर सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, टीसी, पीक कर्जाची फाईल. लोक रुमालात गुंडाळून कागद आणायचे. घडीवर फाटलेले असायचे. मी आधी मागून टेप लावायची, मग मशीनवर ठेवायची. आता कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून येतात आणि त्यातले निम्मे प्लॉटचे असतात. खरेदीखत, एन.ए.चा म्हणजे बिगरशेतीचा आदेश, लेआउटचा नकाशा. नकाशा ए-थ्रीवरही मावत नाही, दोन तुकड्यांत काढून मधे चिकटवून द्यावा लागतो. एका सर्व्हे नंबरचे कागद माझ्या मशीनवर तीनदा आलेत. पहिल्यांदा सातबाऱ्यावर एकच नाव होतं. मग बापामागं तीन भावांची नावं चढली. तिसऱ्यांदा नकाशाच आला, त्यात ६४ प्लॉट होते.

त्यातला २७ नंबरचा प्लॉट आमचा.

ते रान मामांचं. सख्खे मामा नव्हेत. आमच्याकडं दुधाचा रतीब घालायचे, आई त्यांना दादा म्हणायची, म्हणून आम्हाला मामा. आमचं स्वतःचं रान नव्हतं, वडील आडतीवर मुनीम होते. पण ज्याला रान नाही त्यानंही येळवसला घरी बसायचं नसतं, ही आपल्याकडची रीत. मामा आदल्या दिवशी दूध मापताना सांगून जायचे, "उद्या चूल पेटवायची न्हाई बगा. समदे रानात या." आम्ही निडेबन वेशीपासून चालत निघायचो. आंब्याखाली कडब्याची कोप उभी असायची, आत पाच पांडव म्हणून मांडलेले, चुन्यात बुडवलेले पाच दगड, आणि शेजारी मामांची शेवरी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली अस्सल देवणी. मी लहान असताना तिला फार भ्यायची. मामी माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवायची.

२०२१ साली आम्ही तिथंच ३० बाय ४० चा तुकडा घेतला. नकाशा चिकटवताना मी बोटानं शोधलं, आंबा कुठं होता, कोप कुठं असायची. ती जागा ९ मीटरच्या रस्त्यात गेली आहे.

आता राहून दीड वर्ष झालं. लोक विचारतात, कसं वाटतं? बरं वाटतं, हे आधी सांगते. स्वतःचं घर आहे. सासूबाईंच्या डायलिसिसला पूर्वी लातूर गाठावं लागायचं, आता गावातच होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा तीन दिवस दुकान बंद ठेवून मी मांडवात बसले होते. पाहुण्यांना वाट दाखवताना ऊर भरून यायचा. १७६० च्या लढाईसाठीच उदगीरचं नाव पुस्तकात येतं, त्यापलीकडंही हे गाव आहे हे लोकांनी पाहिलं.

पण त्रास आहे. आमचा लेआउट शहराच्या हद्दीबाहेर. शाळा, बाजार, दवाखाना सगळं शहरात, आणि मतदान ग्रामपंचायतीला. नळ नाही. बोअर ६४० फूट, मोटार २० मिनिटं चालते आणि मग हवा फेकते. ज्यानं प्लॉट विकले त्यानं नाल्या बांधून देतो असं तोंडी सांगितलं होतं, चार खड्डे खोदून तो गेला तो परत आला नाही. रात्री दिवे नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की समोरच्या घरात कोण राहतं ते मला त्यांच्या दारावरच्या पाटीवरून कळतं. चौबाऱ्यात भाड्यानं राहायचो तेव्हा कुणाच्या घरात आज काय शिजलं हे वासावरून सांगता यायचं.

पुढच्या सोमवारी, ३० तारखेला येळवस. मामांनी सगळं विकलेलं नाही, लेआउटच्या खालच्या अंगाला दीड एकर ठेवलंय. पण लेआउट पडल्यापासून त्यांनी आम्हाला बोलावलेलं नाही, आणि मीही गेलेली नाही.

तुमच्या गावात काय चाललंय? तुम्ही या दिवशी कुठं जाता?

बालाघाट
२१ डिसेंबर, रात्री १०.५५

ताई, अंबाजोगाईहून लिहितोय. आमचं गाव वाढलं ते दुसऱ्यांच्या दुखण्यावर, हे मी मेडिकलवाला म्हणून रोज बघतो. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आल्यापासून बीड, लातूर, परभणीकडची माणसं पेशंट घेऊन इथं येतात. त्यांच्यासाठी खोल्या, खाणावळी, लॅबा, रात्रभर उघडी दुकानं. गावाचं नाव मोमिनाबाद होतं तेव्हा छावणीचं गाव, त्याआधी मुकुंदराज आणि दासोपंतांचं गाव, आणि आता रात्री दोन वाजता काउंटरवर एखादी माय उभी असते आणि विचारते, लेकरासाठी गरम दूध कुठं मिळंल? मी वरून बायकोला हाक मारतो. वाढलेल्या गावात कुणी कुणाला ओळखत नाही हे खरं आहे. पण न ओळखणाऱ्याला दूध द्यायची सवय आमच्या गावाला लागली, हेही सांगावंसं वाटलं.

समुद्रकाठचा
२२ डिसेंबर, सकाळी ७.१०

मी रत्नागिरीचा. येळवस म्हणजे नक्की काय? आमच्याकडे हा शब्द नाही.

आडत गल्ली
२२ डिसेंबर, सकाळी ८.३०

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, बोलताना येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडं बीदर, कलबुर्गीकडं पाळतात. हरभरा घाटे धरतो, तूर शेंगांवर येते, ज्वारी पोटऱ्यात असते, त्या वेळी काळ्या आईची ओटी भरायची. त्या दिवशी लातूरला या. गंजगोलाईत, म्हणजे भर बाजारपेठेत, दुपारी बारा वाजता सायकल आडवी टाकून झोपता येईल इतका शुकशुकाट असतो. अख्खं शहर रानात.

जेवण सांगतो. भज्जी म्हणजे तुरीचे सोले, हरभऱ्याचे दाणे, वाटाणा, घेवड्याच्या शेंगा, मेथी, चुका, शेंगदाणे, बोरं, चिंच असं जे रानात आहे ते सगळं बेसन लावून शिजवायचं. भजी नव्हे, भज्जी. बरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली म्हणजे घागरीतली आंबील. आंबील आदल्या रात्री ज्वारीच्या पिठात ताक घालून मुरवायची आणि लसूण ठेचून घालायचा. आधी ती रानाला शिंपडायची, मग आपण प्यायची. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवतात.

रान नसलेल्याला बोलावलं नाही तर ज्याचं रान आहे त्यालाच ते बोचतं. ताई, मामा तुमची वाट बघत असतील.

अभ्यासिकेतली
२२ डिसेंबर, दुपारी १.२०

मी अहमदपूरची, वय २४, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सगळे मोठे लोक "पूर्वी सगळे ओळखायचे" असं जिव्हाळ्यानं लिहितात, म्हणून मला दुसरी बाजू लिहायची आहे.

माझ्या मावशीला याच गावात अकरावीत शाळा सोडावी लागली. कारण एवढंच, की बस स्टँडवर ती एका मुलाशी वहीबद्दल बोलताना दिसली आणि ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली. सगळे ओळखायचे ना! आज मी रात्री साडेनऊपर्यंत अभ्यासिकेत बसते. आम्ही ४० मुली आहोत. कुणी चाकूरची, कुणी लोह्याची, कुणी किनवटची. खाली चहावाल्या काकूंना आमची नावं माहीत नाहीत, "तीन नंबरवाली" म्हणून हाक मारतात. स्कूटीवर घरी जाताना कुणी थांबवून "कुणाची गं तू?" विचारत नाही. हा मोकळेपणा मला गाव वाढल्यामुळे मिळाला. पुण्याला न जाता मिळाला, आईच्या हातचं खाऊन मिळाला.

ताई, तुम्हाला समोरच्या घरातलं माणूस माहीत नाही याचं वाईट वाटतं ते समजतं. पण ते दार तुम्ही वाजवू शकता. माझ्या मावशीला मात्र तेव्हा लपायला जागा नव्हती.

कोपीतला दिवा
२२ डिसेंबर, दुपारी ३.०५

बाळा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या दुकानात येणाऱ्या मुलींचे फॉर्म भरताना मला हे दिसत होतं, पण कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. मी कॉलेजला जाताना गल्लीतल्या ओट्यावर बसलेल्या सात जणांच्या समोरून खाली मान घालून जायची, ते आज आठवलं.

सेलूकर
२२ डिसेंबर, सायं. ६.४५

परभणी जिल्ह्यातलं आमचं सेलू. कापसाचं आणि रेल्वेचं गाव. दिवाळीनंतर जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि आम्ही पोरं काट्याकुट्यात अडकलेला कापूस वेचून उशा भरायचो. आता बऱ्याच मोकळ्या जागा दुकानांनी भरल्यात. आमच्याकडं येळवस नाही, पण हुरड्याचं तसंच झालंय. आता हुरडा खायला पैसे भरून जावं लागतं.

पाचवी पिढी
२२ डिसेंबर, रात्री ९.१५

मी औसा तालुक्यातला. शेजारी काका बसलेत, त्यांना धागा वाचून दाखवला. ते सांगतात तसं टाइप करतो.

"रान इकलं म्हून समदे बोलतेत. इकणाऱ्याला कुणी इचारत न्हाई. नागपूरला जाणारा ३६१ नंबरचा रस्ता मोठा झाला आन् आमचं शिवार दोन बाजूला झालं. बैल पलीकडं न्यायला दीड किलोमीटरचा वळसा. सोयाबीनचा २०२४ चा हमीभाव ४,८९२, आन् मी मोंढ्यात ४,१०० नं घातलंय. एकराला सात क्विंटल झालं. करा हिशेब. २८,७०० आले. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी धरली तर १८ हजार गेले. चार महिने राबून एकरी १० हजार. त्यात लेकीचं नर्सिंग, आईचं डोळ्याचं आप्रेशन. घेणारा दारात येऊन बसला. मी रस्त्याकडचं दोन एकर दिलं आन् आत सात एकर घेतलं. इकून खाल्लं न्हाई.

आता माझं दुखणं ऐका. दोन एकरात घरं झाली. चांगली माणसं हायेत, येताजाता रामराम करतेत. पण त्यांच्या न्हाणीचं, भांड्याचं पाणी जातंय कुठं? उतार माझ्याकडं. खाली माझं अर्धा एकर राह्यलंय त्यात तूर होती. साबणाचं पाणी साचून साचून बुडं कुजली. हिरवी तूर उभ्यानं वाळली. कुणाला म्हणू? एकाचं पाणी न्हाई ते. त्या झेरॉक्सवाल्या ताईला म्हणावं, तुमच्या मामाचं रान बी खालच्या अंगालाच हाय म्हणता. येकदा जाऊन बगा."

कोपीतला दिवा
२२ डिसेंबर, रात्री ११.३०

काका, जेवण झाल्यावर हे वाचलं आणि बॅटरी घेऊन बाहेर पडले. नवरा म्हणाला सकाळी जा, पण राहवलं नाही.

आमच्या मोरीचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला आहे. मिस्त्रीनं सांगितलं होतं, उतार आहे, जाईल आपोआप. पाणी कुठं जाईल हे मी विचारलं नव्हतं. पाइपाच्या तोंडापासून मी पाण्यामागं चालत गेले. शेजारच्या घराचं त्यात मिळतं, मग पुढच्या तिघांचं. विक्रेत्यानं खणून सोडलेल्या चरातून ते रस्त्याच्या कडेनं जातं, आणि लेआउटचं कुंपण संपतं तिथं मोकळं सुटतं. पलीकडं मामांची ज्वारी आहे. बांधालगतचा १०-१२ ताटांचा पट्टा पिवळा पडलाय आणि त्यात आमच्या शाम्पूच्या पुड्या अडकल्यात. चिखलात चप्पल रुतली. वास येत होता.

मामांनी बोलावलं नाही म्हणून मी तीन वर्षं मनात धरून बसले होते.

भूजल
२३ डिसेंबर, सकाळी ६.५०

पाण्याच्या कामात नोकरी केली, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. जालना, लातूर, परभणी फिरलोय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा स्टेशनवर ते उतरवून घेणाऱ्यांत मी होतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी बोअर. आपल्याकडं खाली काळा पाषाण, बेसाल्ट. त्याचे थर असतात. पाणी दगडात नसतं, थरांच्या सांध्यात आणि भेगांत असतं, आणि त्या भेगा वरच्या दीडदोनशे फुटांत जास्त भेटतात. त्याखाली गेलात तर लागलं तर लागलं. तुमच्या ६४० फुटांच्या बोअरनं शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी ओढलं असेल, आणि उद्या कुणी ८०० फूट घेतला तर तो तुमचं ओढेल. एका लेआउटमध्ये ६४ बोअर म्हणजे एका ग्लासात ६४ नळ्या.

आता पावसाचं. तुमचं छत ८०० चौरस फूट धरू, म्हणजे ७४ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस हात राखून ७०० मिलिमीटर धरला तरी ५२ हजार लिटर पाणी छतावर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं समजा. ४१ हजार लिटर राहतं. ५ हजारांच्या टँकरनं मोजलं तर आठ टँकर. पन्हाळीला गाळणी लावून हे पाणी बोअरशेजारी मुरवा.

आणि काका जे म्हणतात ते सांडपाणी. पाच माणसांच्या घरातून न्हाणी, भांडी, कपडे मिळून दिवसाला ३०० लिटर सहज निघतं. तुमच्याकडं सध्या किती घरं झालीत?

कोपीतला दिवा
२३ डिसेंबर, सकाळी ७.२०

सर, ३१.

भूजल
२३ डिसेंबर, सकाळी ७.४०

म्हणजे रोज ९,३०० लिटर. एकीकडं बोअर हवा फेकते आणि दुसरीकडं जवळजवळ दोन टँकर पाणी तुम्ही मामांच्या ज्वारीत सोडता.

उपाय महाग नाही. प्रत्येक घरानं आपापला शोषखड्डा करायचा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघर असे खड्डे करून उघडी गटारं संपवली, डास गेले. माप सांगतो. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची छोटी टाकी, भोवती तळाला मोठे दगड, वर लहान. मोरीचा पाइप आधी एका गाळाच्या कुंडीत, तिथून टाकीत. वर झाकण, म्हणजे डास नाहीत.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. काळ्या मातीत खड्डा थांबवू नका, ती पाणी पीत नाही, फुगून बसते. मुरूम लागेपर्यंत खोदा, चार फुटांत लागला नाही तर सहा. दुसरं, यात संडासाचं पाणी अजिबात सोडायचं नाही. तिसरं, बोअरपासून ५० फूट दूर घ्या, आणि ३० बाय ४० मध्ये तेवढं अंतर मिळत नसेल तर लेआउटच्या मोकळ्या जागेत चारपाच घरांचा मिळून एक मोठा घ्या. नियमाप्रमाणं लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडलेली असते. नकाशा तुमच्याकडं आहेच.

हडपसरचा उदगीरकर
२३ डिसेंबर, सकाळी १०.१५

मी १९ वर्षांपूर्वी गाव सोडलं. आईवडील तिथंच आहेत. त्यांच्याजवळ यायचं म्हणून प्लॉट बघतोय. १०० रुपयांच्या बाँडवर लिहून देतो, नंतर खरेदी करू, असं एक जण म्हणतोय. दर बाजारापेक्षा बराच कमी आहे. घ्यावा का?

कोपीतला दिवा
२३ डिसेंबर, दुपारी १२.५०

भाऊ, नका घेऊ. पहिली गोष्ट, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा बाँड चालत नाही, ५०० चा लागतो. जो अजून १०० चा म्हणतोय त्याच्याकडं जुन्या तारखेचा कागद आहे किंवा त्याला काही माहीत नाही, दोन्ही वाईटच. दुसरी, नोटरीच्या कागदावर जागा नावावर होत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. आत्ता, २०२४ मध्ये, जिरायत २० गुंठ्यांखाली आणि बागायत १० गुंठ्यांखाली तुकडा पाडून खरेदी होत नाही, म्हणूनच हे लोक बाँडवर विकतात. एन.ए.चा आदेश मागा, मंजूर लेआउटचा शिक्क्याचा नकाशा मागा, सगळ्या लेआउटचं क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा. माझ्या मशीनसमोर बाँडची प्रत हातात धरून रडलेली माणसं मी पाहिलीत. एक जण सौदीत गवंडीकाम करून आलेला होता. त्याला प्लॉटचा नंबर पाठ होता, पण जागेवर तो नंबरच नव्हता.

आणि पाणी खाली कुणाच्या रानात उतरतं, तेही जाऊन बघा. मी बघितलं नव्हतं.

कोपीतला दिवा
३१ डिसेंबर, सायं. ५.३०

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

२५ तारखेला सुट्टी होती. मी लेआउटच्या नकाशाच्या ३१ प्रती काढल्या. त्यावर लाल पेनानं पाणी कसं जातं त्याची रेघ मारली आणि घरोघर दिल्या. अभ्यासिकेतल्या मुलीनं लिहिल्याप्रमाणं दार वाजवलं. समोरच्या पाटीमागं कोण आहे ते कळलं. दालमिलमध्ये ऑपरेटर आहेत, मूळचे भालकीचे, घरात कन्नड बोलतात. पलीकडं पशुवैद्यकीय कॉलेजातले एक कर्मचारी. मागच्या गल्लीत एक आजी एकट्याच राहतात, मुलगा हैदराबादला. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यात माझं घर कुटं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या चौकोनावर हळदीचं बोट टेकवलं आणि तो कागद देवाजवळ ठेवला.

दोन घरांतून मात्र "आम्ही टॅक्स भरतो, हे काम आमचं नाही" असं ऐकलं. मी वाद घातला नाही.

२८ ला संध्याकाळी नवरा आणि मी मामांकडं गेलो. मामी गेल्या, हे मला माहीत होतं, पण तेव्हा मी दहाव्यालाही गेले नव्हते. मामा बाजेवर बसले होते. मी म्हटलं, मामा, तुमच्या ज्वारीत जे पाणी येतं त्यात आमच्या घरचंही आहे. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठावं हाय. सत्तावीस नंबर. पाइप मी बगितलाय." मी विचारलं, मग बोलला का नाही? म्हणाले, "लेकीला काय म्हणू? पाणी बंद कर म्हणू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नवऱ्यानं शोषखड्ड्याचं सांगितलं, माप सांगितलं. मामांनी एकच विचारलं, मुरूम किती खाली आहे ते ठाऊक आहे का. मग स्वतःच म्हणाले, "आंब्याच्या बाजूला पाच फुटावर हाय. हीर खांदताना बगितलंय मी."

निघताना म्हणाले, "सोमवारी चूल पेटवू नका."

काल आम्ही ३१ पैकी १९ घरं गेलो. कोप मामांच्या नातवानं केली होती, थोडी तिरकी झाली होती. भज्जीची भाजी सगळ्यांनी निवडली, भालकीच्या वहिनींनी आंबिलीत त्यांच्याकडच्या पद्धतीनं थोडं जिरं घातलं. त्या मागच्या आजींनी पांडवांना चुना लावला, त्यांच्याइतकं नीट कुणालाच जमत नव्हतं. शेवरी गाय आता नाही, तिच्या नातीची नात असेल अशी एक कालवड आहे. माझ्या मुलीचा हात मी तिच्या पाठीवर ठेवला. संध्याकाळी हेंडगा फिरवला तेव्हा बांधालगतच्या पिवळ्या पट्ट्यापाशी सगळे थांबले. कुणी काही बोललं नाही. अंधारातही तो पट्टा दिसत होता.

आज सकाळी सात वाजता २७ नंबरमागं पहिला खड्डा सुरू केला. बोअर पुढच्या कोपऱ्यात, तिथून टेपनं ५१ फूट मोजून घेतले. मामा टिकाव घेऊन आले, नको म्हटलं तरी. साडेचार फुटांपर्यंत काळी, मग पिवळसर, आणि पाच फुटांवर मुरूम लागला. बादलीभर पाणी ओतून बघितलं, चहा होईपर्यंत जिरलं.

पाचवी पिढी
३१ डिसेंबर, रात्री ८.१०

काकांना वाचून दाखवलं. दोनदा वाच म्हणाले. विचारतात, एका खड्ड्याला खर्च किती आला आणि दगड कुठून आणले? आमच्या वरच्या घरांना हे सगळं नीट सांगायचं आहे.

कोपीतला दिवा
३१ डिसेंबर, रात्री ८.३५

काकांना नमस्कार सांगा. टाकी, पाइप, झाकण आणि खोदणारा एक माणूस मिळून ३,२०० लागले. दगड विकत घेतले नाहीत. मामांच्या जुन्या गोठ्याची भिंत पडलेली होती, तिचे आणले. तुमच्या वरच्या घरांचे नंबर मला द्या, मी नकाशावर लाल रेघ मारून प्रती पाठवते. पैसे नकोत.

भूजल
३१ डिसेंबर, रात्री ९.००

गाळाची कुंडी १५ दिवसांनी साफ करा. आणि जिथं मुरूम सहा फुटांतही लागणार नाही त्या घरांची यादी मला पाठवा, संक्रांतीनंतर मी येऊन बघतो.

कोपीतला दिवा
३१ डिसेंबर, रात्री ९.१०

या सर. उतरायला आमच्याकडंच या. २७ नंबर, पण गल्लीत कुणालाही विचारलंत तरी सांगतील आता.